छायाचित्रातील थर आणि त्यांचे दोष : मोडी कागदपत्रांच्या वाचनाच्या संदर्भात

मोडी कागदपत्रांचे वाचन पूर्वी कागद उजेडाकडे धरून, भिंग लावून आणि संशय आला की दप्तरखान्याकडे पुन्हा खेप घालून होत असे. हा व्यवहार आता पुष्कळ अंशी पालटला आहे. कागद दप्तरखान्यातच राहतो; अभ्यासकाच्या हाती येते ते त्याचे छायाचित्र, आणि त्या छायाचित्रावर संगणकात काही संस्कार केल्यावाचून अनेकदा अक्षर लागत नाही. हे संस्कार करण्याचे प्रमुख साधन म्हणजे फोटोशॉप किंवा गिम्प यांसारख्या आज्ञावलींतील 'लेयर' होय. या साधनाची कामापुरती माहिती भाषाभ्यासकाला असणे आता अपरिहार्य झाले आहे. कारण थरांच्या रचनेत झालेला घोटाळा हा केवळ चित्राचा घोटाळा राहत नाही. तो पाठाचा घोटाळा होतो. कागदावर नसलेला अनुस्वार पडद्यावर उमटतो, असलेला नाहीसा होतो, आणि पुढे त्या पाठाच्या आधारे व्याकरणाचे विधान केले जाते. प्रस्तुत लेखात थरांचे सामान्यतः आढळणारे दोष कोणते, ते ओळखावे कसे, आणि त्यांपैकी कोणते दोष वाचनाच्या दृष्टीने खरोखर घातक आहेत, याचा विचार केला आहे.

प्रथम शब्दाविषयी. मराठी बोलण्यात 'लेयर' हा शब्द रुळला असला तरी त्याचे लिंग अजून स्थिरावलेले नाही. कोणी 'तो लेयर' म्हणतो, कोणी 'ती लेयर'. 'स्तर' हा शब्द सुचवला जातो. परंतु स्तर म्हटले की पायरी किंवा दर्जा असा अर्थ मनात डोकावतो. 'पापुद्रा' हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा, कारण पापुद्रा पातळ असतो, सोडवून वेगळा करता येतो. पण तो शास्त्रीय लेखनात कोणी वापरील असे दिसत नाही. यास्तव येथे 'थर' हाच शब्द योजला आहे.

थराची कल्पना समजण्यास अवघड नाही. एका चित्रावर पारदर्शक कागद ठेवावा, त्यावर काही रेखाटावे, त्यावर आणखी एक कागद ठेवावा; वरून पाहणाऱ्यास सर्व मिळून एकच चित्र दिसते, परंतु प्रत्येक कागद स्वतंत्रपणे काढता, सरकवता किंवा पुसता येतो. नकाशे गिरवणाऱ्यांस ही युक्ती जुनीच आहे. संगणकात ती आणण्यासाठी एका गोष्टीची आवश्यकता होती : प्रत्येक बिंदूच्या रंगाबरोबरच तो बिंदू किती पारदर्शक आहे हेही नोंदवले गेले पाहिजे. ही सोय एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी १९७७-७८ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे सिद्ध केली. दोन चित्रांच्या मिश्रणाच्या गणिती सूत्रात ग्रीक अल्फा हे अक्षर येते, त्यावरून तिला 'अल्फा चॅनेल' असे नाव पडले. पुढे १९८४ मध्ये टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रे एकावर एक बसवण्याचे नियम एका निबंधात पद्धतशीर मांडले. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले तेव्हा त्यात थर नव्हते. चिकटवलेला भाग निवडीतून सुटला की खालच्या चित्रात कायमचा मिसळून जाई. थर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. गिम्प ही विनामूल्य आज्ञावली. तिच्यातही थरांची तीच मूलभूत कल्पना आहे, मात्र तपशिलात ती काही ठिकाणी निराळी वागते, आणि त्या निराळेपणामुळेच एकीकडून दुसरीकडे जाणारे अभ्यासक गोंधळतात.

पडद्यावर जे दिसते ते कोणत्याही एका थराचे चित्र नसते. खालून वरपर्यंत प्रत्येक बिंदूपाशी केलेल्या हिशेबाचे ते उत्तर असते. बिंदूचा उजळपणा ० पासून २५५ पर्यंतच्या अंकाने मोजतात; ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. खालच्या थरात एखादा बिंदू २०० आणि वरच्या थरात त्याच जागी १५० असेल, तर वरचा थर पूर्ण अपारदर्शक असताना १५० दिसेल. त्याची अपारदर्शकता निम्मी केली तर १७५ दिसेल. आणि मिश्रणाची रीत 'मल्टिप्लाय' ठेवली तर दोन्ही अंकांच्या गुणाकारास २५५ ने भागून सुमारे ११८ येईल. तीनही वेळा मूळ सामग्री तीच, उत्तरे तीन. थरांच्या बहुतेक सर्व तक्रारींचे मूळ येथे आहे. पाहणाऱ्यास उत्तर दिसते, हिशेब दिसत नाही.

या तक्रारीही भाषेच्या दृष्टीने मोठ्या मौजेच्या असतात. 'थर चालत नाही' किंवा 'ब्रश चालत नाही' एवढेच वाक्य ऐकू येते, आणि त्या एका वाक्याखाली निदान पाच-सहा निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. आज्ञावली क्वचितच बिघडलेली असते. पुष्कळदा ती सांगितलेले काम निमूटपणे करीत असते. मात्र सांगणाऱ्यास जेथे हवे तेथे नव्हे.

सर्वांत साधे आणि सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे भलताच थर निवडलेला असणे. रेघ ओढली जाते, पण ती खालच्या थरावर. वरच्या थराने ती झाकली जाते आणि काहीच घडले नाही असे वाटते. थरांच्या यादीत कोणती ओळ ठळक झाली आहे हे पाहणे हा यावर उपाय. फोटोशॉपमध्ये थर सरकवण्याच्या साधनाला 'ऑटो-सिलेक्ट' अशी एक सवलत जोडलेली आहे; ती चालू असेल तर चित्रावर नुसते टिचकले तरी निवडलेला थर बदलतो. अनेक थरांचे काम करणाऱ्याने ती बंद ठेवावी हे बरे.

दुसरे कारण विसरलेल्या निवडीचे. चित्राचा एखादा भाग पूर्वी निवडलेला असतो. तो पडद्याबाहेर गेलेला असतो, किंवा त्याच्या कडेची सरकती तुटक रेघ लपवलेली असते. आणि निवडीबाहेर कोणतेही साधन चालत नाही हा नियम आज्ञावली काटेकोरपणे पाळत राहते. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबल्या की निवड सुटते. गिम्पमध्ये त्याच कळांनी संपूर्ण चित्राची दुसरी प्रत उघडते, आणि गोंधळलेला मनुष्य अधिकच गोंधळतो. तेथे निवड सोडवण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि ए अशा तीन कळा आहेत.

मास्कचा प्रकार थोडा सूक्ष्म आहे. थराचा काही भाग न पुसता केवळ झाकावयाचा असेल तर त्याला मास्क जोडतात. मास्कवर जेथे पांढरे तेथे थर दिसतो, जेथे काळे तेथे लपतो, करड्या जागी अंशतः दिसतो. आता यादीत एकाच ओळीत दोन लहान चित्रे दिसू लागतात, एक थराचे आणि दुसरे मास्कचे. ब्रश कोणावर चालेल हे त्यांपैकी कोणत्या चित्राभोवती चौकट आहे यावर ठरते. लाल रंग घेऊन खूण करू पाहावे आणि खूण होण्याऐवजी तेवढा भाग फिकट व्हावा, असे घडले की चौकट मास्कभोवती आहे असे निःशंक समजावे. फोटोशॉप आणि गिम्प दोहोंतही ऑल्ट कळ धरून मास्कवर टिचकले की केवळ मास्क पडद्यावर येतो, आणि काय झाकले गेले आहे ते उघड होते. मास्क तात्पुरता बंद करण्याची कळ मात्र निराळी : फोटोशॉपमध्ये शिफ्ट, गिम्पमध्ये कंट्रोल. जुन्या कागदाच्या छायाचित्रात ही तपासणी टाळू नये. वाळवीने खाल्लेली कड झाकण्यासाठी घातलेला मास्क जर दोन अक्षरे आत सरकला असेल, तर ओळीचा शेवट गेला आणि तो गेल्याचे कोठेही दिसत नाही.

कुलपांविषयी थोडक्यात सांगता येईल. फोटोशॉपमध्ये छायाचित्र उघडले की त्याचा एकमेव थर 'बॅकग्राउंड' या नावाने येतो. तो सरकत नाही आणि त्यात पारदर्शकता राहू शकत नाही. त्यावर दोनदा टिचकून त्याला साधा थर करता येते. गिम्पमध्ये हीच अडचण वेगळ्या रूपाने भेटते. जेपेग स्वरूपात पारदर्शकतेला जागाच नसल्यामुळे अशा चित्राच्या थराला अल्फा चॅनेल नसतो. खोडरबर चालवला तर आरपार दिसण्याऐवजी पार्श्वभूमीचा रंग लागतो. थरांच्या सूचीतून अल्फा चॅनेल जोडला की हे थांबते. याखेरीज पारदर्शक बिंदूंपुरते कुलूप असा एक प्रकार आहे. ते लावलेले असल्यास रिकाम्या जागी काहीच उमटत नाही. आणि चित्र 'इंडेक्स्ड' रंगपद्धतीत असेल, म्हणजे मोजक्या रंगांच्या ठरीव यादीवर बेतलेले असेल, तर फोटोशॉपमध्ये नवा थर घालण्याची आज्ञाच मावळलेली दिसते. चित्र आरजीबी पद्धतीत नेल्यावर ती उजळते.

गिम्पचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तेथे थर चित्राएवढाच असेल असे नाही. थराच्या कडेला पिवळी-काळी तुटक रेघ असते. त्या रेघेबाहेर ब्रश चालत नाही. थराचा आकार चित्राएवढा करण्याची आज्ञा दिली की प्रश्न मिटतो. जुन्या आवृत्त्यांत चिकटवलेला भाग 'तरंगती निवड' या नावाने अधांतरी राही, आणि तो खाली बसवल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही थराला हात लावता येत नसे. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून चिकटवलेला भाग सामान्यतः सरळ नवा थर म्हणून येतो. जुन्या मार्गदर्शिका वाचून काम करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

एखादा दोष यांपैकी कशातच बसत नसेल तर काय करावे? अंदाज करीत बसण्यापेक्षा थर एकेक करून वेगळा पाहावा. प्रत्येक थराशेजारी डोळ्याचे चिन्ह असते. फोटोशॉपमध्ये ऑल्ट आणि गिम्पमध्ये शिफ्ट धरून त्यावर टिचकले की इतर सर्व थर लपतात व तोच एक उरतो. थर वीस-पंचवीस असतील तर निम्मे बंद करावेत; दोष गेला तर तो बंद केलेल्यांत आहे, राहिला तर उरलेल्यांत; मग त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे करावे. बत्तीस थरांत लपलेला एक दोषी थर या रीतीने पाच पावलांत सापडतो. दोष दोन थरांच्या परस्परसंबंधातून उत्पन्न झाला असेल तर मात्र ही रीत फसवू शकते. उदाहरणार्थ, उजळपणा बदलणारा समायोजन-थर आपल्या खालच्या सर्व थरांवर परिणाम करतो, एकाच नव्हे. आणि तो गटात ठेवला असला तरी गटाची मिश्रणरीत 'पास थ्रू' असेल तर त्याचा परिणाम गटाबाहेर खालपर्यंत झिरपतो. गटाची रीत 'नॉर्मल' केली की परिणाम गटापुरता राहतो. अशा वेळी एकटा थर निर्दोष दिसतो, शेजारीही निर्दोष दिसतो, आणि एकत्र येताच चित्र काळवंडते.

येथवर जे दोष सांगितले ते त्रासदायक असले तरी प्रामाणिक आहेत. काही तरी चुकले आहे हे ते लपवीत नाहीत. वाचनाच्या दृष्टीने अधिक धोक्याचा दोष तो, ज्यात सारे काही व्यवस्थित चालले आहे असे वाटते.

मोडी कागदाचे स्वरूप या संदर्भात ध्यानात घेतले पाहिजे. लेखक प्रथम ओळभर शिरोरेषा ओढतो आणि तिला अक्षरे लटकवीत जातो. शब्दांत अंतर ठेवण्याची रीत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. म्हणजे ज्या खुणांवरून आजचा वाचक शब्द ओळखतो त्यांतील कित्येक तेथे नाहीतच. ज्या आहेत त्यांवर साहजिकच अधिक भार पडतो. अनुस्वार ही अशी एक खूण. 'पाठवितों' असे असेल तर पाठवणारा स्वतः पत्रलेखक होय. 'पाठवितो' असे असेल तर पाठवणारा तिसराच कोणी. क्रियापदाच्या पुरुषाचा हा भेद लेखनात केवळ एका बिंदूने दाखवला जाई. १९६२ च्या लेखननियमांनी तो बिंदू गेल्यामुळे आजच्या डोळ्याला त्याचे महत्त्व चटकन जाणवत नाही. त्यातून मोडी लेखकांचा अनुस्वार नियमित नसतो, कधी दिला जातो, कधी राहून जातो. तेव्हा एखाद्या कागदात तो आहे की नाही, हे कागदावरूनच ठरवावे लागते. व्याकरणाच्या अपेक्षेवरून ठरवता येत नाही.

देवनागरी शिलालेखांतही हेच. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळींत 'चावुंडराजें करवियलें' असे वाचले जाते; त्यातील 'राजें' वरचा अनुस्वार हा तृतीयेचा प्रत्यय ओळखण्याचे साधन आहे. 'चावुंडराजाने करविले' हा अर्थ त्या बिंदूच्या आधाराने स्पष्ट होतो. दगडावरील खळगा आणि कोरलेला बिंदू यांत फरक करणे प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाही सोपे नसते. तिरप्या उजेडात घेतलेल्या एकाच छायाचित्रावरून तर नाहीच.

आता असा एक कागद घ्यावा की ज्यावर शिरोरेषेच्या वर एक फिकट ठिपका आहे. कागदाचा उजळपणा २२०, ठिपक्याचा १९०. अक्षर फिके असल्यामुळे अभ्यासक त्या थराची दुसरी प्रत करून 'मल्टिप्लाय' रीतीने वर ठेवतो. ही युक्ती सर्वत्र शिकवली जाते. कागद १९० होतो, ठिपका १४२. अजून अक्षर पुरेसे लागत नाही म्हणून मूळ थराची तिसरी प्रत ठेवली जाते. कागद १६४, ठिपका १०६. आरंभी ठिपक्याचा उजळपणा कागदाच्या ८६ टक्के होता. आता तो ६५ टक्के आहे, आणि डोळ्याला तो शाईचा थेंब वाटू लागतो. खरी शाई आणि मळाचा डाग यांतील अंतर या क्रियेने वाढले असे नव्हे. डाग शाईच्या प्रदेशात ओढला गेला, इतकेच. पुढे हे थर एकत्र करून जेपेग साठवली की ठिपका कोठून आला हे सांगण्याचे कोणतेही साधन शिल्लक राहत नाही. चित्र सुवाच्य झाले, हे खरे. पण सुवाच्यता आणि विश्वसनीयता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि थरांच्या साधनाने पहिली वाढवताना दुसरी घटण्याचा संभव नेहमीच असतो.

पातळ कागदावर हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण पाठीमागची शाई पुढे दिसते. मागच्या बाजूच्या एखाद्या अक्षराचे टोक पुढच्या शिरोरेषेवर नेमके अनुस्वाराच्या जागी येते. या दोषाचे निदान करण्यास मात्र थरांइतके उत्तम साधन दुसरे नाही. मागच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे, ते डावे-उजवे उलटवावे आणि पुढच्या बाजूच्या थरावर ठेवून जुळवावे. कागदाच्या कडा, भोके आणि घड्यांच्या रेषा यांच्या आधाराने ते जुळवता येते. हातात धरून काढलेली दोन छायाचित्रे नुसती सरकवून जुळत नाहीत, त्यांना थोडे ताणावे आणि वळवावेही लागते. जुळले की नाही हे पाहण्यासाठी 'डिफरन्स' ही मिश्रणरीत उपयोगी पडते : दोन थरांत जेथे काहीही फरक नसेल तेथे ती काळा रंग दाखवते. पुढची व मागची बाजू सर्वस्वी सारखी नसल्यामुळे संपूर्ण काळोख अर्थातच मिळणार नाही. परंतु कडा आणि भोके यांच्याभोवती उजळ किनार दिसली तर जुळणी चुकली आहे असे समजावे. जुळल्यानंतर मिश्रणरीत पुन्हा 'नॉर्मल' करून वरच्या थराचा डोळा झपाट्याने उघडझाप करावा. संशयित ठिपक्याच्या जागी मागे शाई असेल तर ती तत्क्षणी दिसते. खगोलशास्त्रज्ञ दोन रात्रींच्या काचपट्ट्या आळीपाळीने पाहून सरकलेला बिंदू शोधीत. क्लाइड टॉम्बॉ यांना १९३० मध्ये प्लूटो अशाच उघडझापीत सापडला. अनुस्वाराचा शोध त्या मानाने किरकोळ खरा, पण रीत तीच.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. मागे शाई आढळली म्हणजे पुढे अनुस्वार नाहीच असे सिद्ध होत नाही. दोन्ही असू शकतात. मागे शाई आढळली नाही तर मात्र ठिपका मागून आला ही शंका फिटते, आणि मळ की शाई एवढाच प्रश्न उरतो. तो प्रश्न सामान्य छायाचित्राने पुष्कळदा सुटत नाही. अवरक्त प्रकाशात काजळीची शाई काळीच राहते आणि अनेक डाग फिके पडतात. तशा छायाचित्राचा थर मिळाला तर निर्णय सुकर होतो. न मिळाल्यास पाठात संशयचिन्ह ठेवणे हेच योग्य. काही संपादकांना संशयचिन्हांनी पृष्ठ विद्रूप होते असे वाटते. ती विद्रूपता कागदाची आहे, संपादकाने तिची लाज बाळगण्याचे कारण नाही.

अनेक प्रकाशांतील छायाचित्रे एकत्र करण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भारताबाहेरचे आहे, आणि थर शिस्तीने वापरले तर काय साधते हे त्यावरून कळते. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक चर्मपत्री प्रत तेराव्या शतकात खरवडून, १२२९ मध्ये तिच्यावर प्रार्थनाग्रंथ लिहिला गेला. ही पोथी १९९८ मध्ये न्यूयॉर्क येथे लिलावात वीस लक्ष डॉलरना विकली गेली आणि त्यानंतर बॉल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात तिचा अभ्यास झाला. तिची छायाचित्रे निरनिराळ्या प्रकाशांत घेण्यात आली. तांबड्या प्रकाशात खालची, खरवडलेली शाई जवळजवळ नाहीशी होते. जंबुपार प्रकाशात ती दिसते. वरची प्रार्थनेची शाई दोहोंतही काळी. पहिले चित्र तांबड्या रंगाच्या वाहिनीत आणि दुसरे हिरव्या व निळ्या वाहिन्यांत घातले की प्रार्थनेची अक्षरे काळसर राहतात आणि आर्किमिडीजची अक्षरे तांबूस होऊन वेगळी उठून दिसतात. येथे कोणतीही रेघ गडद करून 'निर्माण' केलेली नाही. दोन मोजमापांतील फरकाला रंग दिला आहे. आणि याहून महत्त्वाचे असे की, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये मूळ छायाचित्रांसह सर्व सामग्री विनामूल्य खुली करण्यात आली. कोणताही पाठ अमान्य असणाऱ्याने मूळ चित्रे घेऊन स्वतः थर रचून पाहावेत, अशी ही सोय आहे.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे फोटोशॉपमध्ये २०२३ साली आलेली 'जनरेटिव्ह फिल' ही सोय. फाटलेला भाग निवडला की आज्ञावली भोवतालच्या आकारांवरून तेथे काय असावे याची कल्पना करून नवे चित्र भरते. २०१० पासून उपलब्ध असलेली 'कंटेंट-अवेअर फिल' ही सोय आसपासचेच तुकडे आणून भोक बुजवते. ही नवी सोय त्याच्या पुढे जाऊन नवीच रेघ काढते. कागदाच्या भोकात ती अक्षरासारखे वळण भरू शकते, आणि ते वळण शेजारच्या हस्ताक्षराशी मिळतेजुळते असेल. भाषिक पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे. नवी सामग्री स्वतंत्र थरावर येते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. तो थर खालच्या चित्रात मिसळला गेला की तेही समाधान उरत नाही. दप्तराच्या छायाचित्रांवर या दोन्ही सोयी वापरूच नयेत, असे म्हणण्यात अतिरेक नाही.

साठवण्याच्या वेळी जे दोष घडतात ते बहुधा कायमचे असतात. जेपेगमध्ये थर राहत नाहीत. सर्व मिळून एकच चित्र उरते. गिम्प २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून आपल्या एक्ससीएफ या स्वरूपातच 'साठवते', आणि इतर स्वरूपांत 'निर्यात' करते. हा भेद अनेकांना जाचक वाटतो, परंतु थर कोठे टिकतील आणि कोठे नाही हे तो स्पष्टपणे सांगतो. फोटोशॉपच्या पीएसडी स्वरूपाला दोन गिगाबाइट आणि प्रत्येक बाजूस ३०,००० बिंदू अशी मर्यादा आहे. मोठ्या गुंडाळीची छायाचित्रे जोडून केलेले चित्र ती ओलांडू शकते, आणि तेव्हा पीएसबी हे स्वरूप घ्यावे लागते. टिफमध्ये फोटोशॉप थर ठेवते खरे, पण अनेक दर्शक-आज्ञावली त्यातील केवळ एकत्रित चित्रच दाखवतात. म्हणून टिफ उघडून 'थर गेले' असे वाटल्यास ती फाइल त्या दर्शकातून पुन्हा साठवू नये. प्रथम फोटोशॉपमध्येच उघडून पाहावी.

मूळ छायाचित्र यादीत सर्वांत खाली, कुलूप लावून आणि कोणताही बदल न करता ठेवावे. त्यावरील प्रत्येक थराला नाव द्यावे. आज्ञावली स्वतः देते ती 'लेयर १', 'लेयर १ कॉपी', 'लेयर १ कॉपी २' ही नावे महिन्याभराने त्यांच्या कर्त्यालाही काही सांगत नाहीत. 'मागील बाजू, उलटवलेली', 'मल्टिप्लाय, दुसरी प्रत', 'ओळ ७ वरील ठिपका : शाई?' अशी नावे देवनागरीत देता येतात, आणि पाठ तपासणाऱ्या दुसऱ्या अभ्यासकास सातव्या ओळीपाशी कोणता डोळा मिटून पाहावयाचा हे त्यांवरून कळते.